थाप

गिरणगावातल्या चाळीत दिवसाढवळ्या दार लावायची रीत नव्हती. लावलेलं दार म्हणजे आत कुणीतरी आजारी आहे, भांडण जुंपलंय, नाहीतर घरातली बाई न्हातेय. एरवी दारं सताड उघडी, फार तर जुन्या लुगड्याचा पडदा. कुणाकडे काय शिजतंय ते वासावरून आणि कुणाचं काय बिनसलंय ते आवाजावरून अख्ख्या गॅलरीला कळायचं. अशा चाळीत १९८२च्या उन्हाळ्यापासून आमच्या खोलीचं दार रोज साडेअकराला आतून लागायला लागलं. कडी घालण्याआधी तात्या एकदा गॅलरीत डोकावायचे. मग कडी, मग रेडिओ. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर दुपारी 'वनिता मंडळ' लागायचं. ते सुरू व्हायच्या आतच तात्या स्टोव्हला पंप मारायला बसलेले असत. स्टोव्ह भर्रर्र करून पेटला, रेडिओवरच्या बाई बोलू लागल्या, की ते परात पुढ्यात ओढायचे.

माझे वडील भाकऱ्या करायचे. बास, इतकीच गोष्ट. पण ती चारचौघांत सांगायला मला चाळीस वर्षं लागली.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले. तात्या विणाई खात्यात साच्यावर होते. पहिले दोन-तीन महिने चाळीत लग्नघरासारखं वातावरण होतं. सभा, मोर्चे, संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांची भाषणं. मग हळूहळू लोक गावी जायला लागले. ज्यांची शेती बरी होती ते टिकले. आमची पाटण तालुक्यात डोंगरउताराची दीड एकर, ती तीन भावांत. तिथे जाऊन खाणारी तोंडं वाढवण्यापेक्षा इथेच काहीतरी करू, असं आईनं ठरवलं. ठरवलं तिनंच. तात्या त्या वेळी काही ठरवायच्या मनःस्थितीत नव्हते. ते अजूनही पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, आंघोळ करून, भांग पाडून खाली उतरायचे आणि भारतमाता टॉकीजच्या आसपास आपल्यासारख्याच माणसांत उभे राहायचे. भोंगा बंद झाला होता, पण अंगातला भोंगा चालू होता.

आई दादरला पोळ्यांच्या कामाला जाऊ लागली. चार घरं, सगळ्यांच्या मिळून साठेक पोळ्या. नऊला जायची ती तीन वाजून गेल्यावर यायची. माझी शाळा दुपारची, धाकट्या बहिणीची सकाळची. म्हणजे बाराच्या सुमाराला घरात दोन भुकेली पोरं आणि एक मोकळा बाप. सुरुवातीला आई पहाटे उठून भाकऱ्या करून ठेवायची. दुपारपर्यंत त्यांचं कातडं व्हायचं. एक दिवस तात्यांनी त्यातली एक मोडायला घेतली, खाली ठेवली, उठले आणि मला म्हणाले, "दार लाव."

मला वाटलं, आता मार.

त्यांनी डब्यातलं पीठ चिमटीत घेऊन बोटांवर चोळलं, वास घेतला. रेशनच्या ज्वारीचं, कधी दळलेलं कुणास ठाऊक. "विरी गेलंय," ते स्वतःशीच म्हणाले. मग आधणाचं पाणी करून त्यात पीठ कालवलं. जुन्या पिठाला उकळतं पाणी लागतं, नाहीतर भाकरीची कड तुटते, हे मला पुढे किती तरी वर्षांनी कळलं. तळहाताच्या टाचेनं ते पीठ रगडायला लागले तेव्हा त्यांचा दंड फुगला, खांद्यापासून मनगटापर्यंत एक लाट जावी तसा. गोळा केला, खाली पिठी भुरभुरली आणि थापायला घेतली. गोळा परातीत गरगर फिरत होता आणि तात्यांचा रुंद पंजा त्याच्यावर पडत होता. ताटाएवढी झाली तरी एके ठिकाणी जाड नाही की पातळ नाही. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकतंय तोवर उलटली, मग तवा उतरवून सरळ स्टोव्हच्या जाळावर धरली. टम्म फुगली. वाफ निघाली तेव्हा तात्यांच्या तोंडावर जे आलं, ते मी संप लागल्यापासून पाहिलं नव्हतं.

हे त्यांना येत होतं कुठून? आजीनं शिकवणं शक्य नव्हतं. आमच्या गावात पोरगा चुलीजवळ घुटमळला तर त्याला "बायल्या" म्हणून पळवून लावायचे. तात्या शिकले होते कोल्हापूरला, तालमीत.

मिसरूड फुटायच्या वयात ते दोन वर्षं तालमीत राहिले होते. घरची दूध-तूप पुरवायची ऐपत संपली आणि ते मुंबईला आले. त्यांचा मोडलेला कान तेवढा त्या दिवसांची खूण म्हणून राहिला. तालीम म्हणजे लाल माती, लंगोट, शड्डू, वस्तादांचा दरारा. पण तालमीत बाई नसते, आणि वीस-पंचवीस आडदांड पोरांना दिवसातून दोनदा प्रचंड भूक लागते, हे कोण ध्यानात घेतो? ती पोरं पाळी लावून स्वयंपाक करतात. भाकऱ्या थापतात, मटण शिजवतात, बदाम वाटून थंडाई घोटतात, भांडी घासतात, हौदा खणतात, झाडलोट करतात, एकमेकांचं अंग तासन्‌तास रगडून देतात. कुणाचा गुडघा सुजला तर दुसरा रात्रभर शेकत बसतो. जिथे माणूस मर्द बनवतात म्हणून सगळी पंचक्रोशी मान तुकवते, त्या घरात रोजची सगळी कामं बायकांची म्हणून ओळखली जाणारीच असतात. फक्त तिथे त्यांना तसं कुणी म्हणत नाही. तालमीत थापलेली भाकरी हा खुराक असतो. तीच परात लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत आली की तिला दाराची कडी लागते.

तसं पाहिलं तर गिरणगाव हेच मुळात पुरुषांचं गाव. आई मुंबईला यायच्या आधी तात्या गाळ्यात राहायचे. एका खोलीत एवढे गडी की एक पाळी कामावर गेल्याशिवाय दुसरीला पाठ टेकायला जागा नाही, एकच वळकटी दोघांची. जेवायला खाणावळ. त्या खाणावळवाल्या बायांनी हे शहर पोसलं. पुढे १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तालमीत स्वतः भाकऱ्या थापणारे माझे वडील गाळ्यात आले आणि खाणावळीत पाटावर बसून "वाढा" म्हणायला शिकले. हात तेच, पत्ता बदलला.

आणि याच गिरणगावात गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं टाकून दिलेलं एक तान्हं मूल उचलून घरी आणलं होतं. ते पोर म्हणजे पुढचे कवी नारायण सुर्वे. आपण कवीबद्दल भरभरून बोलतो. माझं मन त्या वाटेवर घोटाळतं, जी एक कामगार कडेवर परकं मूल घेऊन घरापर्यंत चालला असेल. रस्त्यात भेटणाऱ्या ओळखीच्यांना त्यानं काय सांगितलं असेल?

मी मात्र सांगून बसलो. शाळेत नाही, गॅलरीत. तिसऱ्या खोलीतल्या पोरानं त्याच्या आईच्या हातच्या भाकरीची फुशारकी मारली, तेव्हा मी म्हणालो, "आमच्या तात्यांची याहून मोठी असते." चारपाच पोरं खिंकाळली. संध्याकाळपर्यंत ते तात्यांच्या कानावर गेलं असावं. त्यांनी मला आत बोलावलं, कानाखाली एक ठेवून दिली आणि म्हणाले, "परत कुणाला सांगितलंस तर बघ." पाच बोटं गालावर उमटली होती. दुपारी त्याच बोटांनी मला भाकरीचा पदर सोडवून आत तेल-तिखट घालून दिलं होतं. त्या दिवसापासून मी थापा मारायला शिकलो. कुणी विचारलं की "आई सकाळीच करून जाते."

तात्या देवमाणूस नव्हते, हेही इथंच सांगून टाकतो. आईनं पहिल्या महिन्याचा पगार त्यांच्या हातात ठेवला तेव्हा त्यांनी त्या नोटा तशाच गॅलरीत भिरकावल्या होत्या. आई एकेक नोट गोळा करत असताना शेजारच्या बायका खाली बघत उभ्या होत्या. चाळीत त्या वर्षी याहून वाईटही बरंच चाललं होतं. कुणी पिऊन पडत होतं, कुणाची बायको रात्रीची बाहेर पळत येत होती. पगाराचं पाकीट गेलं तेव्हा कित्येकांच्या हातात बाप्या म्हणून उरला तो फक्त उगारायचा हात. तात्यांच्या हाताला परात सापडली, म्हणून आम्ही वाचलो असं मला वाटतं. परातीचं श्रेय किती आणि त्यांचं किती, मी अजून ठरवू शकलेलो नाही.

एक शब्द मात्र त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. 'मदत'. आई दमून यायची, झाकलेली टोपली उघडायची, आणि ते म्हणायचे, "तेवढं उरकलंय." उरकणं हे क्रियापद मराठीत बायकांच्या वाटचं. बायका भांडी उरकतात, धुणं उरकतात, पोराबाळांचं उरकतात. पुरुष काम करतात. उरकलेल्या कामाला कर्ता नसतो. "उरकलंय" म्हटलं की ते कुणी उरकलं, हे विचारायचं नसतं. तात्यांनी तो शब्द बरोब्बर उचलला होता. आईही विचारायची नाही. टोपलीतली भाकरी हातात घेऊन क्षणभर तिची गोलाई बघायची, एवढंच. दादरला ती दिवसभर ज्या करून यायची त्या पोळ्या होत्या. भाकरी तिला त्या काळात आयती मिळायची.

२०१९ साली सरकारनं देशभर एक पाहणी केली, लोक दिवसाचे चोवीस तास कसे घालवतात याची. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका शंभरात एक्याऐंशी निघाल्या, पुरुष सव्वीस. जे करतात त्यांच्यातही बायकांचा दिवसाचा वेळ २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. वर्तमानपत्रात तो आकडा वाचला तेव्हा पहिला विचार आला तो तात्यांचा. पाहणीवाला आमच्या दारावर थाप मारून विचारता, तर तात्यांनी हातावरचं पीठ पंचाला पुसून दार उघडलं असतं आणि ठणकावून सांगितलं असतं, "मी? छे." उरलेल्या चौऱ्याहत्तरांत असे किती असतील? फार नसतील, मला माहीत आहे. पण एक होता.

आता माझं ऐका. मी ठाण्यात राहतो. स्वयंपाकघराला भिंत नाही, 'ओपन किचन' म्हणून बिल्डरनं जास्तीचे पैसे घेतले. रविवारी मी पोळ्या करतो, बिर्याणी करतो, पाहुणे आले की मुद्दाम करतो. एप्रन घालतो, ज्यावर काहीतरी विनोदी लिहिलंय. बायकोच्या मैत्रिणी म्हणतात, "नशीबवान आहेस गं!" ग्रुपवर फोटो पडतो, अंगठे येतात. मागच्या दिवाळीत असाच फोटो टाकून मी फोन खाली ठेवला, तर ही म्हणाली, "बावीस वर्षांत माझ्या पोळ्यांचा एक तरी फोटो काढलास का रे?" मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही. तिच्या हातात त्या वेळी 'पुरुष स्पंदनं'चा दिवाळी अंक होता. बायकांवरच्या अत्याचाराविरुद्ध पुरुषांनीच बोललं पाहिजे म्हणून १९९३ साली मुंबईत 'मावा' ही संघटना निघाली, तिचा अंक. दरवर्षी तीच विकत आणते. घरात तो ज्यानं वाचायला हवा तो माणूस मी, आणि वाचते ती.

तात्या दार लावून करायचे, मी भिंत पाडून करतो. पाठीवरची थाप मिळेल अशा बेतानं करतो, हा फरक. रविवारची बिर्याणी माझी. मंगळवारची दुधी भोपळ्याची भाजी, गुरुवारी संपलेलं कोथिंबिरीचं भान, बाईंचा खाडा, पोराचा डबा, हे सगळं तिच्या डोक्यात चालू असतं आणि त्याचा फोटो निघत नाही. तात्यांनी सोमवार ते शनिवार भाकऱ्या केल्या, सलग सहा वर्षं, पुढे एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागेपर्यंत. मी मोजून पाहिलंय. माझ्या बिर्याण्या त्यात बुडून जातील.

आई गेल्यावर तात्या आमच्याकडे राहायला आले. तीन वर्षं होते. त्या तीन वर्षांत त्यांनी गॅसला हात लावला नाही. मी पाहुण्यांसमोर पोळ्या लाटायला लागलो की ते उठून आतल्या खोलीत जायचे. मला वाटायचं, जुनं वळण, बघवत नसेल. बायको एकदा म्हणाली, "त्यांना करावंसं वाटत असेल रे. पण इथे लावायला दार कुठंय?"

मुलगा बारावीत आहे. पहाटे जिमला जातो, डब्यातली पावडर दुधात हलवून पितो आणि मोबाईलवर कुणीतरी गोरा दाढीवाला बाप्या त्याला सांगत असतो की खरा पुरुष कसा असतो. तो 'अल्फा' असतो म्हणे. तालमीतला तात्यांचा लंगोटावरचा फोटो भिंतीवर आहे, त्याच्याकडे बघून पोरगा म्हणाला, "बाबा, आजोबा सॉलिड अल्फा असणार." मी म्हटलं, "तालमीत कणीक तिंबायचं आणि भाकऱ्यांचं खातं त्यांच्याकडे होतं." त्यानं विचारलं, "का, कुक नव्हता?" पुढे काय बोलावं ते मला सुचेना. पण दोन दिवसांनी त्यानं येऊन विचारलं की थंडाईत बदाम किती घालायचे. म्हणजे काहीतरी आत गेलं असावं. किंवा नुसतीच पावडर संपली असेल.

शेवटच्या वर्षी तात्या न्हाणीघरात पडले. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण उठून चालणं राहूनच गेलं. त्यांना आंघोळ घालायला एक माणूस ठेवला होता, तो दिवाळीला गावी गेला तो आलाच नाही. सुनेकडून करवून घेणं त्यांना मरणाहून कठीण. राहिलो मी.

पन्नाशी ओलांडलेला मी, आणि बापाच्या पाठीला त्याआधी माझा हात कधी लागला होता ते आठवेना. लहानपणी त्यांनी मला उचललं असेलच. पण आठवणीत आहे ती ती एक कानफटात. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटून घेतले. मी टॉवेल ओला करून पुसत होतो, काचेचं भांडं पुसावं तसा. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी तेल लावायला घेतलं आणि चोळायला लागलो, तर भिंतीकडूनच आवाज आला, "असं न्हवं. खालनं वर. रगात वर जाऊ दे."

मी पोटरीपासून वर चोळायला लागलो.

"अंगठा दाब. हां. घाबरतोस कशापायी, मोडत न्हाई."

मग ते बोलतच राहिले. वस्ताद कसे पायांनी अंग तुडवायचे, मेहनतीनंतर अंगाला माती चोपडून कसं पडून राहायचं, एक सांगलीकडचा पोरगा होता, त्याच्या हाताला काय सुख होतं, तो गेला तेव्हा रडू आलं होतं. "तुम्ही रडलात?" मी विचारलं. "तालमीत सगळे रडायचे," तात्या म्हणाले. "हितं येऊन बंद झालं." त्यांच्या मांडीवरचं कातडं आता सैल पडलं होतं, ज्या मांडीवर शड्डू ठोकला की म्हणे शेजारच्या गल्लीत ऐकू जायचा. मी तेल जिरवत होतो. पुढचे चार महिने रोज सकाळी ही अर्धी घटका आमची होती. न्हाणीघराचं दार आम्ही लावून घ्यायचो. कशासाठी, हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

वारीत पुरुष पुरुषाला 'माउली' म्हणतो, आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. विठोबाची विठाई होते. आषाढी उलटली की ती माउली दिंडीबरोबर परत जाते. एकदा तात्यांच्या डोक्यावर पाणी घालताना माझ्या तोंडून "डोळे मिट रे बाबा" असं निघून गेलं, पोराला म्हणायचो तसं. अरेतुरे. तात्यांनी निमूटपणे डोळे मिटले.

ते गेले तेव्हा चाळीतून फारसं कुणी येईल असं वाटलं नव्हतं. चाळीचा पुनर्विकास व्हायचाय, अर्धे लोक पांगलेत, गिरणीच्या जागेवर टॉवर उभा आहे. पण दहाव्यानंतर मी स्वतःच पेढीवरचं एक काम काढून लालबागला गेलो आणि आक्काच्या दारात उभा राहिलो. आमच्या भिंतीला भिंत लागून असलेली खोली. आक्का पंच्याऐंशीच्या पुढची. आम्हा दोघा भावंडांना तिनं अंगाखांद्यावर खेळवलेलं. चहा झाला. ती तात्यांबद्दल बोलत होती, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी बोलून गेलो, "आक्का, तुला ठाऊक नसेल. संपात तात्या भाकऱ्या करायचे. दार लावून."

आक्कानं माझ्याकडं असं बघितलं, जसं बिनडोक पोराकडं बघतात.

"सगळ्या माळ्याला म्हाईत व्हतं," ती म्हणाली.

"कसं काय?"

"आवाज. बाईचा हात पडतो तो टप टप. तुझ्या बाचा पैलवानाचा पंजा. धप्प, धप्प. आमच्या मांडणीवरची भांडी हालायची. स्टोव्हनं आन् रेडिवनं काय झाकतंय व्हय ते?"

"मग कुणी बोललं कसं नाही?"

"तुझी आय सांगून ठिवायची. कामाला निघाली की दारात थांबून म्हणायची, आक्का, ह्यास्नी वाटतंय कुणाला ठावं न्हाई. तसंच ऱ्हाऊ दे." आक्कानं पदरानं तोंड पुसलं. "त्या टायमाला मी खलबत्ता घिऊन कुटाय बसायचे. पलीकडची बी बसायची. तेवढाच आवाजात आवाज. रोज कुठला आलाय मसाला? संप चालू, घरात दाणा न्हाई. रिकामाच कुटायचे."

खाली रस्त्यावर कुणाच्या तरी गणपतीची वर्गणी मागणारी पोरं ओरडत गेली. आक्काच्या मांडणीवर तो खलबत्ता अजून होता, लोखंडी, तळाशी घासून चकचकीत झालेला.

"तुला येत्यात का रं भाकऱ्या?" तिनं विचारलं.

"पोळ्या येतात. भाकरी करून पाहिली दोन-तीनदा. कड तुटते."

"पीठ विरी गेलं आसंल," आक्का म्हणाली.